पटावरनं खोडलेली सात पोरं

वन्सं, त्या दिशी शाळंत कोन कोन हुतं ते आदी सांगून टाकते. मागनं कुनी म्हनाया नको की म्हातारीनं मनचं घातलं.

तुमी हुत्या. मी हुते, तुमची भावजय. गुरुजी हुते. सरपंच हुते, परीटघडीचं धोतर नेसून. नगरवरनं आलेले साहेब हुते. एक परदेशी पाव्हना हुता, लालबुंद, वाकून आत आला तरी चौकट कपाळाला लागली त्याच्या. त्याच्या संगं पुन्याची एक बाई हुती, त्याचं आपल्याला आन् आपलं त्याला सांगाया. वर्गात तिसरीपोतूरची पोरं हुती, त्यात आपली सुमी, माझी नात. आन् मागं सैपाकाच्या सपरात सात जन हुते. सुमीचा भाऊ पोपट, ठकी, दगडू, गोदी, हिरी, नामा, आन् एक शिरपाचं बारकं. त्याला समदे बारक्याच म्हनायचे, पटावर गुरुजींनी रामदास लिवलं हुतं.

ही सात नावं शाळंच्या पटावरनं खोडली. म्हनून हितं घेतली.

तुमचं तेरावं परवा झालं. मी बोलते आन् सुमी लिवती. नवे गुरुजी म्हनाले, आजी, मनातलं सांगा, नगरच्या पेपरात छापाया देतो. मी म्हनलं, पेपरात गेलेल्या मानसाचं गोड गोड लिवत्यात. मला ते जमायचं न्हाई. मला शिसारीच जास्त आलीया, आन् ती तुमची न्हाई, त्यांची हाय. थोडी माझी बी हाय. ती मागनं सांगते.

चाळीस वर्सं आपन दोघी एका चुलीवर. नवऱ्यानं सोडलं तवा तुमी भावाच्या घरी आल्या, माझं पैलं पोर तवा पाळन्यात हुतं. मीठ कमी पडलं तर तुमी म्हनायच्या, भावजयीचा हात आखडता. जास्त पडलं तर म्हनायच्या, आज लई उदार झाली जनू. बरुबर पडलं तर गप जेवायच्या. तुमच्या गप जेवन्याची मी वाट बघायची, पर हे तुमाला कदी सांगितलं न्हाई.

बहात्तरचा दुष्काळ कुनी इसरलं नसंल. एरवी आपल्या हिकडची मानसं दिवाळी झाली की बेलापूरकडं ऊस तोडाया जायाची. त्या साली तिकडंबी ऊस वाळला. मंग समदं गाव रस्त्याच्या कामावर, खडी फोडाया. माझा ल्योक आन् सून उजाडायच्या आत भाकर बांधून निगायची. तीन कोस चालत. मी बी जायाची. तुमी बी नाव लावाया आल्या, तर मुकादम वही चाळून म्हनला, "म्हातारे, तुझं नाव रेशनकार्डावर न्हाई, कशावरच न्हाई. तू हाईस का न्हाईस तेच मला कळंना."

"दगड दे, फोडून दावते हाय का न्हाई ते," तुमी म्हनल्या. समदे हसले. पर नाव काय लागलं न्हाई. मंग तुमच्याकडं पानी आलं. इहिरीवर रांगंत दिसभर बसायचं, तवा दोन घागरी.

खडीवर दगडाच्या कपऱ्या उडत्यात, आडोसा न्हाई, तिथं तान्हं पोर कसं न्यायचं? म्हनून पोपट सुमीच्या कडंवर. सुमी आठ वर्साची, पोपट दोनचा. घरोघर हीच गत. पोरगं असलं तर शाळंत, पोरगी असली तर कडंवर पोर घिऊन वट्यावर. सुमी दुसरी पास झाल्ती, आन् वट्यावर बसून पोपटाला पाढे म्हनून दावायची.

तशात एक दिस सरपंचांनी मानसं गोळा केली आन् सांगितलं, सरकार आन् परदेशातली मंडळी मिळून आपली शाळा सुधारनार हाय. लारी आली. पिवळ्या पिठाची पोती, तेलाचे डबे आन् एक रंगीत पाटी. पाटी त्याच दिशी लागली. चूल घालाया पंधरा दिस गेले.

गुरुजींनी आपल्याला नीट समजावलं हुतं. भला मानूस, पोरसवदा, गावात कुनाच्या अध्यात न्हाई. म्हनाले, "आजी, पोरींचा पट भरला तर चौथीचा वर्ग मिळेल. दुसरे गुरुजी मिळतील, खोली मिळेल. नाहीतर पोरी तिसरीतच संपल्या." खरं हुतं. चौथीला वढ्यापल्याडच्या गावाला दोन कोस जावं लागायचं, आन् पोरीला तिकडं कोन धाडतंय? म्हंजे सुमीची चौथी त्या पटावर हुती. मला तेवढंच कळलं, आन् मी खडी सोडून सैपाकाला आले. दोन बाया पायजेत हुत्या. तुमी आन् मी.

पैल्या दिशी पीठ शिजलं. पोरी आल्या आन् दारातच हुब्या राहिल्या, कडंवर पोरं घिऊन. गुरुजींनी आत बोलवल्या. आत आल्या तर एक पोर रडाया लागलं, त्याचं बघून दुसरं. गुरुजींचा धडा तिथंच बसला. पोरी पोरं घिऊन बाहीर, गुरुजी आत, आन् तुमी उलथनं धरून दोघांच्या मदी.

"गुरुजी, पडवीच्या वाशाला काय टांगता तुमी?"

"काही नाही आजी. घंटा तेवढी."

"मंग बाकीचे वासे मला द्या."

दुसऱ्या दिशी सकाळी मी उठून बघते तर माझं हिरवं लुगडं फाडलेलं. न इचारता. मी तुमाला बोलले की, "आता माझ्याच आंगावरचं ऱ्हायलंय, ते बी न्या." तुमी म्हनल्या, "ते इरलंय, वझं पेलायचं न्हाई." माझ्या लुगड्याच्या तीन झाल्या, तुमच्या दोन लुगड्यांच्या चार. सात झोळ्या पडवीच्या वाशाला. आन् झोळीची दोरी तुमी खिडकीतनं वर्गात सोडली. सुमी आत बसून पाटीवर लिवायची आन् पायाच्या आंगठ्यानं दोरी वढायची. बाहीर पोपट झुलायचा. पटावर दोनाच्या चवदा पोरी झाल्या, वन्सं. एकदा गुरुजींनी सुमीला फळ्यापाशी बोलवलं तर तिच्या आंगठ्यात दोरी तशीच, आन् बाहीर पोपट झोळीसकट खिडकीला येऊन आपटला. तुमी इतक्या हसल्या की तुमची मिशरी सांडली.

पर ताटली पटावर नाव असंल त्यालाच. लारीबरुबर तसा कागद आल्ता. झोळीतल्यास्नी काय न्हाई. पोरी आपल्या ताटलीतलं त्यास्नी घालायच्या. एक दिस सुमी पाटीवर डोकं टेकून पडली ती उठंना. मला वाटलं निजली. तुमी तिच्या ताटलीकडं बगितलं, पोपटाच्या तोंडाकडं बगितलं, आन् तशाच गुरुजींच्या पुढं जाऊन हुब्या राहिल्या.

"पोपटाचं नाव लिवा."

"आजी, तो दोन वर्षांचा."

"मंग सहाचा लिवा. तुमी समद्यांचाच जलम एक जूनचा लिवता, ते काय त्यांच्या आयांनी सांगितलं तुमाला?"

"ते वेगळं, आजी. मुलं सहाची असतात, तारीख फक्त आपली."

"ह्याची तारीख आपली, वर्सं बी आपली. पोर तर त्याचं हाय का न्हाई? सरकारला पोर शिकलेलं पायजे ना? हा बगा, झोळीत पाढे ऐकतो. तुमच्या पैलीतल्या त्या नाऱ्याला आजून दाहापोतूर येत न्हाई."

गुरुजींनी दोन दिस दम धरला. तिसऱ्या दिशी नाव घातलं. मंग ठकीचं, मंग बाकीच्यांचं. तुमाला वाटलं, गुरुजींनी लिवलं म्हंजे सरकारनं पोरं पदरात घेतली.

आन् मंग रोज सकाळची हजेरी. गुरुजी नाव घ्यायचे, पोरं हाजर म्हनायची. पोपटाचं नाव आलं की पडवीतनं तुमी म्हनायच्या, "हाजर." ठकी. "हाजर." नामा. "हाजर, पर शी केलीया, दम धरा." पोरं खदाखदा हसायची. तुमी हसायच्या न्हाईत. सात येळा हाजर म्हनताना तुमचा आवाज येगळा लागायचा. घरी तुमाला हाक मारली तर तीनदा मारल्याशिवाय ओ न्हाई द्यायच्या.

मंग कळलं, साहेब यिनार. परदेशी पाव्हना यिनार. ते बघून चौथीचं ठरनार.

आदल्या दिशी दुपारी गुरुजी आले. म्हनाले, झोळ्या सोडा, साहेबांना शाळेत झोळ्या चालत नाहीत. तुमी सोडल्या, घड्या घातल्या. म्हनाले, पोरं देवळाच्या मागं न्या. तुमी म्हनल्या, "उन्हात न्हाई नेनार. सपरात ठिवते." मंग ते खाली मान घालून म्हनाले, "आजी, उद्या ती सात नावं मी घेणार नाही. तुम्ही बोलायचं नाही."

"तुमी घेतली न्हाईत तर मी कशाला बोलंल?" तुमी म्हनल्या.

सरळ बोलनं हुतं. पर त्यात एक भोक ऱ्हायलं. नाव गुरुजीच घेतील असं समद्यांनी धरलं.

सकाळी दोन जीपा आल्या. सरपंचांनी हार घातले. पाव्हन्यानं पाटीचा फोटो काडला. साहेब आत आले, खुर्चीत बसले, आन् हजेरी आपल्या पुढ्यात वढून म्हनाले, "मी घेतो."

गुरुजींच्या मानंवरनं घाम निघाला तो मला सपराच्या कुडातनं दिसला. मी तुमचा पदर धरला. घट्ट धरला, वन्सं, ते तुमाला आठवत असंल. साहेब एकेक नाव घेत गेले, पोरं हाजर म्हनत गेली. मंग पोपटाचं नाव आलं.

कुनी बोलंना. साहेबांनी पुना घेतलं. वर्गातली समदी पोरं खिडकीकडं बघाया लागली, कारन रोज तिकडनंच यायचं. मी म्हनलं, "वन्सं, आज गप बसा. सुमीची चौथी हाय."

तुमी म्हनल्या, "पोर हितं असून न्हाई म्हनू?"

"काय बी म्हनू नका."

"गप बसलं म्हंजे न्हाईच म्हनलं," तुमी म्हनल्या. पदर वढून घेतला, पोपटाला कडंवर मारलं आन् दारात जाऊन हुब्या राहिल्या.

"हाजर हाय, साहेब."

साहेबांनी चष्मा वर केला. "हा सहा वर्षांचा?"

"तुमच्या कागदावर सहाचा. माझ्या कडंवर दोनचा."

साहेब हसले. पुन्याच्या बाईनं पाव्हन्याला सांगितलं, तो बी हसला. साहेबांना मजा वाटली, त्यांनी पुढची नावं घेतली. तुमी एकेकाला हाजर म्हनत गेल्या. "ठकी हाजर, निजलीया, उठवू का?" "हिरी हाजर, सर्दी हाय." मी सपरात बसले हुते आन् एकेक पोर जागं हुत हुतं. मला रडाया आलं न्हाई. मला गुरुजींकडं बघवंना.

मंग पाव्हन्यानं बाईला काय तरी इचारलं, बाईनं तुमाला इचारलं, एवढी लहान मुलं का आणता? आन् तुमी सांगितलं. समदं सांगितलं. खडीचं, पान्याच्या रांगंचं, पोरीच्या कडंचं, आंगठ्याच्या दोरीचं, सुमी पाटीवर पडली त्याचं. इतकं बोलताना मी तुमाला चाळीस वर्सांत बगितलं न्हवतं. झालं तवा बाई पाव्हन्याकडं वळली आन् चारच शबूद बोलली. चार. मला त्यांची भाषा कळत न्हाई, पर चार शबदात ते मावत न्हाई एवढं कळतं. पाव्हन्यानं मान हलवली, पोपटाच्या हातात गोळी दिली आन् तुमचा फोटो काडला. पोपट कडंवर, तुमी दारात.

तुमाला वाटलं काम झालं. सपरात येऊन मला म्हनल्या, "बगितलं का, हसले. रागावले न्हाईत."

ते जेवाया सरपंचांच्या वाड्यावर. भाकरी थापाया आपल्याला दोघींनाच बोलवलं, कारन आपल्या हातच्या भाकरी पातळ. गावात पानी न्हाई आन् तिथं रस्सा रटरटत हुता. शाळंचा एक तेलाचा डबा चुलीपाशी फोडलेला. तुमी चुलीवर, मी वाढाया. साहेब सरपंचांना म्हनत हुते, "म्हातारीचा फोटो छान आला असेल." मंग रस्सा भुरकून म्हनाले, "पण पट बनावट आहे. लिहावं लागेल. असल्या लोकांना फुकटाची सवय लागली की संपलं." आन् माझ्याकडं न बघता ताट पुढं केलं. मी वाढली, वन्सं. तिसरी भाकर वाढली. वर तूप घातलं. आज बी ते आठवलं की मला माझ्या हाताची किळस येती. तेवढी शिसारी माझी.

कागद आला. गुरुजींनी वाचून दावला. सात नावं बनावट, ती खोडावीत. चौकशी हुईस्तवर पीठ बंद. शाळंच्या आवारात तान्ही मुलं आनू नयेत. चौथीचा इचार तूर्त न्हाई.

"बनावट म्हंजी काय, गुरुजी?"

"खोटी, आजी."

"खोटी?" तुमी म्हनल्या. "मंग मी रोज धुत हुते ती ढुंगनं कुनाची?"

गुरुजी हसता हसता रडले. त्यांची बदली पार डोंगराकडं झाली. जाताना तुमच्या पायाशी वाकले आन् म्हनाले, चूक माझी, मी लिहिलं. तुमी म्हनल्या, "तुमी लिवलं, मी बोलले. जावा आता, पोटाला खात जावा."

वरच्या अंगाला एक गाव हाय, नाव घेत न्हाई. तिथं म्हनं पटावर लई पोरं, आन् दाराला कुलूप. तिथनं बी जीपा गेल्या. पाटीचा फोटो काडला आन् फुडं गेल्या. तिथं कुनी दारात येऊन खरं बोललं न्हाई, म्हनून तिथलं पीठ चालू ऱ्हायलं. म्हंजे जी पोरं न्हाईत ती खरी, आन् जी झोळीत रडत हुती ती खोटी. हे मला कुनी तरी शिकलेल्या मानसानं समजावून द्यावं. मी शाळंत गेले न्हाई.

पोरी एकेक करून गेल्या. पुना वट्यावर. मी पुना खडीवर, तुमी पुना पान्याच्या रांगंत. सुमीनं तिसरी कशी तरी काडली आन् ती बी बसली. गाव तुमाला नावं ठिवाया लागलं. इहिरीवर बाया म्हनायच्या, जिभंला हाड न्हाई म्हातारीच्या, शाळा घालवली. तुमी घागर भरून गप यायच्या.

आन् एक दिस मी बी म्हनलं. सकाळची येळ, तुमी चुलीपाशी, सुमी दारात पोपटाला घिऊन, आन् शाळंत घंटा वाजत हुती. ती घंटा आयकून सुमी उठून हुबी ऱ्हायली आन् मंग परत बसली. ते मला बघवलं न्हाई. मी तुमाला म्हनलं, "तुमच्या एका हाजरपायी माझ्या नातीचं वाटुळं झालं."

तुमी पातेल्यात पानी वतलं. मंग म्हनल्या, "मंग काय म्हनायला पायजे हुतं मी?"

मी घागर उचलून बाहीर गेले. त्यानंतर वरीसभर तुमी माझ्याशी मिठावरनं सुदा भांडल्या न्हाईत. खारट असू दे, आळणी असू दे, गप जेवल्या. ज्या गप जेवन्याची मी वाट बघायची, तेच मला गिळंना झालं.

आता शेवटची शिसारी सांगते. दोन म्हैन्यांमागं नव्या गुरुजींकडं टपालानं एक पुस्तक आलं, गुळगुळीत कागदाचं. शाळा कशा सुधारल्या त्याचं. वरच तुमचा फोटो. पोपट कडंवर, तुमी दारात, तोंड उघडं, म्हंजे हाजर म्हनतानाच काडलेला. गुरुजींनी खालचं वाचलं. सरकार आणि परदेशी मित्रांच्या सहकार्यामुळे खेड्यातील आजीही आता नातवंडांना शाळेत आणू लागल्या आहेत. नाव न्हाई, गाव न्हाई. पटावरनं पोर खोडलं आन् पुस्तकावर छापलं. नव्या गुरुजींना मागचं ठाऊक न्हवतं, ते कौतुकानं दावत हुते. मी तिथंच भिताडाला धरून बसले. वाटलं ते पुस्तक चुलीत घालावं.

तुमी हातात घेतलं. उजेडाला धरलं. लई येळ बगितलं. म्हनल्या, "पोपटाचं नाक पुसायचं ऱ्हायलं." आन् पिठाच्या डब्याला झाकन न्हवतं, त्यावर ठिवलं. आजून तिथंच हाय.

मंग तुमाला तीन दिसाचा ताप. छातीत घरघर. तिसऱ्या दिशी दुपारी सुमी उशाला बसलेली. तुमी तिला इचारलं, पोपट आता कितीचा? ती म्हनली, चारचा.

"मंग आनखी दोन वर्सांनी खराच सहाचा हुईल," तुमी म्हनल्या. "तवा त्याचं नाव लागंल. कुनी खोडायचं न्हाई." थोड्या येळानं डोळे उघडून म्हनल्या, "तुझं गं?"

सुमीनं तुमच्या आंगावरचं पांघरून सारखं केलं. हे लिवताना तिचा हात थांबलाय. लिव बाई, लिव.

ग्रामसेवक नोंद कराया आला. म्हनला, मयताचं नाव? मी म्हनलं, वन्सं. तो म्हनला, असं न्हाई, नाव. मला घटकाभर आठवंना. चाळीस वर्सं मी तुमाला वन्संच म्हनत आले. मंग आठवलं, सोनाबाई. त्यानं लिवलं. तुमचं नाव कागदावर आलं ते असं. मी त्याला म्हनलं, नीट लिव, खोडाखोड करू नको.

वन्सं, वरीसभर एक वाक्य माझ्या तोंडात हुतं. रोज भाकर थापताना यायचं आन् मी गिळायची. चाळीस वर्सं भांडलेल्या मानसाला तुमचं बरुबर हुतं असं म्हनायची सवयच न्हवती मला. तुमी इचारलं हुतं, काय म्हनायला पायजे हुतं. हाजरच म्हनायला पायजे हुतं. पोर हुतं तिथं. मी पदर धराया नको हुता, मी बी उठून तुमच्या शेजारी हुबं ऱ्हायला पायजे हुतं, दुसऱ्या कडंवर ठकीला घिऊन. मंग वाटुळं झालंच असतं तर दोघींचं झालं असतं. तुमाला एकटीला इहिरीवर आयकाया लागलं नसतं. आन् माझ्याकडनं तर मुळीच न्हाई.

झोळ्यांच्या घड्या पेटीत तशाच हुत्या, तुमी घातलेल्या. मी नव्या गुरुजींना दावल्या. भले हाईत ते बी. म्हनाले, आजी, आवारात तान्ही मुलं नकोत असा कागद आहे, माझा इलाज नाही. सुनंला पुना दिवस गेल्यात. पोपट कडंवरनं उतरला तर दुसरं चढंल. सुमी धाची हाय. एवढं मोठं तिनं लिवलं, तुमी बगितलं असतं तर म्हनल्या असत्या, अक्षर बारीक हाय, शाई वाचवती का?

आता हे ज्याच्या कुनाच्या हाती पडंल त्याला सांगते. मला काय नको. फोटो छापू नका, पाटी लावू नका, वन्संचं नाव कशाला देऊ नका. तुमच्या गावात शाळा असंल, आन् तिच्या दारात एखादी पोरगी कडंवर पोर घिऊन हुबी ऱ्हायली, तर तिला माघारी लावू नका. दोघांस्नी आत घ्या.